सेल्फ चेकआउटमुळे सोय नेमकी कोणाची होते?

प्रश्न (लीड्स, इंग्लंड)
आमच्या भागातील सुपरमार्केटमध्ये आता कॅशियर बसलेले एकच काउंटर उरले असून बाकी सगळीकडे सेल्फ चेकआउटची, म्हणजे ग्राहकाने स्वतःच बिल करून पैसे भरायची, यंत्रे आली आहेत. मला दूध-ब्रेड घेऊन झटपट बाहेर पडता येते. परंतु भारतातून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई त्या एका काउंटरच्या लांबलचक रांगेतच उभ्या राहतात. ही यंत्रे एकंदरीत फायद्याची आहेत असे आपल्याला वाटते का?

उत्तर १ (प्रेस्टन)
चार वस्तू घ्यायच्या असतील तर जरूर आहेत, आठवड्याचा बाजार असेल तर नाहीत. बारकोड वाचल्यावर वस्तू शेजारच्या काट्यावर ठेवावी लागते. तिचे वजन यंत्रातील नोंदीशी जुळले नाही, किंवा घरची पिशवी आधीच तिथे ठेवली गेली, की यंत्र अडून बसते, वरचा तांबडा दिवा लागतो आणि कर्मचारी येईपर्यंत ताटकळावे लागते. सुट्या भाज्या पडद्यावर शोधाव्या लागतात, आणि वाइन घेतली तर वयाच्या खात्रीसाठी माणूस लागतोच. आमच्याकडच्या बूथ्स या सुपरमार्केट साखळीने अशाच अडचणींमुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन दुकाने वगळता सर्व ठिकाणची यंत्रे काढण्याचे जाहीर केले.

उत्तर २ (मँचेस्टर)
मी विद्यार्थी असून दुकानात अर्धवेळ काम करतो. संध्याकाळच्या गर्दीत एकटा कर्मचारी सहा-सात यंत्रांवर लक्ष ठेवू शकतो, तेवढ्या माणसांना काउंटरवर बसवणे दुकानाला परवडत नाही. शिवाय नव्याने आलेल्या, इंग्रजी बोलायला संकोचणाऱ्या माणसाला यंत्रापुढे कोणी घाई करत नाही, हेही विसरू नये.

उत्तर ३ (आइंडहोव्हन, नेदरलँड्स)
यंत्रांना माझा विरोध नाही, पण बिल करण्याचे काम ग्राहकाच्या अंगावर टाकून वाचलेला पैसा दुकानाकडेच राहतो, आणि ज्याला ते काम जमत नाही त्याला रांगेत तिष्ठावे लागते, हे मला अन्यायाचे वाटते. इथल्या युम्बो सुपरमार्केटने २०१९ मध्ये फ्लाइमेन गावात मुद्दाम सावकाश चालणारे काउंटर सुरू केले, जिथे एकाकी वृद्धांना बिल होता होता कॅशियरशी निवांत बोलता येते. पुढे ही सोय अनेक शाखांत पोहोचली. तुम्ही आपल्या दुकानाच्या व्यवस्थापकांना लेखी विनंती करून किमान सकाळच्या वेळी दुसरे काउंटर उघडायला सांगावे, आणि पत्रावर शेजारच्या वयस्कर ग्राहकांच्याही सह्या घ्याव्यात.