उत्तर: सायकलचा टायर काढायला प्लॅस्टिकचे लिव्हर (टायरची कड रिमवरून उचलायच्या पट्ट्या)

वर एकांनी "प्लॅस्टिकचे लिव्हर मोडतात, त्यापेक्षा स्क्रूड्रायव्हर बरा" असं लिहिलंय. अहो, नका! अलॉय रिमवर ओरखडे येतात, शिवाय ट्यूबला नवं भोक पडतं ते वेगळंच. लिव्हर मोडतो तो बहुतेक वेळा घाईने. हवा पूर्ण काढा आणि टायर दोन्ही बाजूंनी चिमटत चाकभर फिरा. टायरच्या कडेची तार रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली की चांगली ढील मिळते. मग लिव्हरचं टोक फक्त तारेखाली घाला, आत ट्यूबपर्यंत खुपसू नका. लिव्हर खाली दाबून त्याचा हूक स्पोकला अडकवा, दुसरा लिव्हर चार बोटं पुढे लावा. लिव्हर विकत घेताना पेड्रोज कंपनीच्यासारखे रुंद, जाड घ्या. पंक्चर किटसोबत फुकट येणारे बारीक लिव्हर वाकतात. बसवताना शक्यतो अंगठेच वापरा. घट्ट ट्यूबलेस टायरपुढे मात्र अंगठेही हात टेकतात.