ऑनलाइन सातबाऱ्यावर क्षेत्र चुकलंय, दुरुस्ती घरबसल्या होते का?

सोयाबीनवाला:
मंडळी, गावी वडिलांच्या नावावर जमीन आहे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर आणि ऑनलाइनला ०.१८, सरळ सरळ आकडे उलटे टाईप केलेत कुणीतरी. आता ई-पीक पाहणीत ०.१८ च्या वर पीक नोंदवताच येईना, म्हणजे शेतात दोन एकर सोयाबीन उभं आणि सरकारदरबारी अठरा गुंठे! तलाठी भाऊसाहेब म्हणतात सिस्टीमला जे आहे तेच दिसणार. मी पुण्यात नोकरीला, इथून काही होईल का?

गटनंबर_४२०:
जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. लेखनप्रमादाची, म्हणजे लिहिताना-टाईप करताना झालेल्या चुकीची, दुरुस्ती त्यातच बसते. सोबत हस्तलिखित सातबाऱ्याची सही-शिक्क्याची नक्कल जोडा, झेरॉक्सवर भागत नाही, आणि भूमी अभिलेखमधून आकारबंदाचा (मोजणीनुसार क्षेत्र आणि आकारणीची मूळ नोंद) उतारा काढा, तिथे ०.८१ असेल तर विषयच संपला. आदेश निघाला की तलाठी फेरफार (बदलाची नोंद) धरणार, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करणार, मगच ऑनलाइनचा आकडा बदलतो.

कोकणातली_वहिनी:
अर्ज ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवरून पण टाकता येतो हो. पण खरं सांगू, अर्ज ऑनलाइन गेला तरी पुढची सगळी माणसं ऑफलाइनच असतात 😄 आमच्यावेळी अर्ज नुसता 'प्रलंबित' दिसत बसला, सासरे प्रिंट घेऊन समोर जाऊन उभे राहिले तेव्हा हलला. पंधरा रुपयात डिजिटल सहीचा सातबारा दोन मिनिटात मिळतो हे भारी आहे, नाही म्हणत नाही, पण चुकीचा उतारा पण तेवढ्याच झटपट मिळतो आणि बँकवाले तोच खरा धरतात.

गटनंबर_४२०:
@वहिनी बरोबर. टायपिंग करणारा कधीच गेला, पुरावे मात्र शेतकऱ्याने गोळा करायचे. आणि एक, जुना एखादा फेरफारच चुकीचा मंजूर झाला असेल तर १५५ चालत नाही, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) अपील करावं लागतं. तेव्हा आधी फेरफार काढून बघा.

सोयाबीनवाला:
फेरफार बघितला, त्यात ०.८१ च आहे. म्हणजे १५५ च ना? अर्ज वडिलांच्याच सहीने लागेल का माझी चालेल?

कोकणातली_वहिनी:
खातेदार वडील, सही त्यांचीच. आणि पोर्टलला मोबाईल नंबर तुमचा द्या, ओटीपी आला की ते शेतात असतात.