कावळा शिवला नाही की कथा सुरू?

तिऱ्हाईत:
नव्या कथेत दहाव्याचा घाट आला की पुढचं पाठ असतं. पिंड मांडलेत, कावळा शिवत नाही, थोरला हात जोडून काहीतरी कबूल करतो, कावळा झेपावतो. काही जण तर हे तेराव्याला घडवतात! मुळात कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, जीवखडा (मृताचं प्रतीक मानलेला दगड) पाण्यात सोडतात आणि मंडळी घरी जातात. विधी फसला तर काय करायचं, ते विधीतच ठरलेलं आहे. मग 'विधी फसला' एवढ्यावर कथा उभी कशी राहणार? हा प्रसंग आता बंद करावा.

उंबरठा:
उलट दर्भ हातात घेतला की शास्त्र पुरं होतं आणि घाटावरच्या एकाचंही समाधान होत नाही, कथा तिथेच आहे. त्याआधीच्या कबुल्या बघा: 'धाकटीचं लग्न मी करीन', 'वाटणीत भावाला फसवणार नाही'. मेलेल्याची इच्छा म्हणून जिवंतांची भांडणं चारचौघांत बाहेर येतात. आणि 'काकस्पर्श' (उषा दातारांच्या कथेवरचा २०१२चा चित्रपट) आठवा. तिथे कबुली कुणाला ऐकू जात नाही, कावळा शिवतो. विधी सफल होतो म्हणूनच एका बाईचं आयुष्य अडतं.

पाणवठा:
कावळ्याची बाजू कुणी मांडणार का? नाशिकच्या रामकुंडासारख्या ठिकाणी सकाळपासून पिंडांमागून पिंड. कावळ्यांची पोटं भरलेली, त्यात माणसं पिंडाला घेरून उभी. हा पक्षी फार सावध. जागा मोकळी झाल्याशिवाय उतरत नाही. कबुली द्यायची वेळ आली की मंडळी मागे सरतात, गलका थांबतो आणि नेमका तेव्हा तो येतो. कबुली आणि मागे सरणं, दोन्ही लिहावं, कशामुळे आला ते सांगू नये.

उंबरठा:
मागे सरण्यावर दोन ओळी जास्त झाल्या की वाचक 'हात्तिच्या' म्हणून सुटतो. थोरल्याला मात्र दिलेल्या शब्दातून सुटता येत नाही. मी तो तपशील गाळीन.

तिऱ्हाईत:
'काकस्पर्श'चं मान्य, पण तिथे कावळा शिवल्यावर पुढे सगळा संसार आहे. आपल्याकडच्या कथा कावळा उडाला की संपतात. घाट एका परिच्छेदात उरका आणि तेराव्याच्या पंगतीपासून लिहा. दर्भानेच भागवलंय हे ठाऊक असलेली सून वाढतेय, आणि गावाला कावळा शिवल्याचं सांगून झालंय.