फील्ड हॉस्पिटलातलं हसणं-भांडणं : सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक आपल्याला सगळ्यांनाच माहितीय, आणि गोष्ट तर शाळेपासून पाठ आहे. १९३८ ला काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, चौघं परत आले, आपला सोलापूरचा डॉक्टर आला नाही, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेला, वय फक्त ३२. १९४० च्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास ऑपरेशनं केली हेही सगळे सांगतात. पण मला कायम वाटतं की त्या ७२ तासांत त्यांच्याभोवती कोण कोण होतं? पाणी कोण तापवत होतं, कोण कुणावर खेकसलं, चहा कुणी दिला? तिकडेच गुओ छिंगलान या चिनी बाई नर्सिंग शिकवायच्या, तिकडेच दोघांचं जमलं आणि १९४१ ला लग्न झालं. म्हणजे त्या गोळीबारात पण माणसं हसत असणार, रुसत असणार. ते कुणी लिहून ठेवत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या जिल्ह्यातून फौजेत गेलेले, मेडिकलमध्ये काम केलेले लोक कमी नाहीत. तर लिहा. स्वतःचं नसेल तर वडिलांचं, नवऱ्याचं, सासऱ्याचं लिहा. फक्त पेशंटचं नाव, साहेबांचं नाव, युनिटचा नंबर नको. शुद्धलेखनाची काळजी करू नका, बोलता तसं लिहा.

मोहोळचा माजी सैनिक

ताई चांगला विषय काढला. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट हुतो, ट्रेनिंग लखनौला. १९९९ ला कारगिलच्या लढाईत आमी द्रासच्या बाजूला. उंची पावणेअकरा हजार फुटांच्या आसपास, आपल्याकडं मे महिन्यात डांबर वितळतंय आन तिकडं रात्री सलाईनच्या बाटल्या जर्किनच्या आत पोटाशी धरून झोपायचो. कारण रक्त गेलेल्या माणसाला गार सलाईन लावलं तर तो आणखीन गार पडतो, आन गार पडलेल्याचं रक्त लवकर थांबत नाही.

भांडण सांगतो. आमच्या ऑटोक्लेव्हची, म्हंजी ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या प्रेशरवर निर्जंतुक करायच्या भांड्याची, गॅस्केट गेली. त्या उंचीवर पाणी ९० अंशाच्या आतबाहेरच उकळतं, त्यामुळं नुसती हत्यारं उकळून भागत नाही, प्रेशर लागतंच. प्रेशर कुणाकडं तर लंगरकडं, म्हंजी फौजेच्या स्वयंपाकघराकडं, त्यांचा मोठा कुकर. सर्जनसाहेब म्हणाले घेऊन या. लंगर कमांडर हरियाणाचा, सव्वासहा फूट गडी, कुकरवर हात ठेवून उभारला, म्हणला साहेबांनी स्वतः येऊन न्यावा. आता त्याचं पण खरं हुतं, कुकर नसला तर डाळ शिजत नाही, कच्ची डाळ खाऊन लोक पोट धरून बसले तर स्ट्रेचर कोण उचलणार? शेवटी ठरलं की दिवसा कुकर त्याचा, रात्री आमचा. हत्यारं मात्र जास्त वेळ शिट्टीवर ठेवायची.

त्यात अजून एक, आमचे सर्जनसाहेब आन भूलवाले साहेब एकमेकांशी बोलत नव्हते. कारण कुणालाच माहीत नाही. टेबलाच्या दोन बाजूला दोघं आन मधी मी. "इनसे पूछो प्रेशर कितना है," म्हंजी पेशंटचं ब्लडप्रेशर. मग मी विचारायचो आन ते मला सांगायचे, दोन हातांवर उभारलेल्या माणसाला ऐकू जात नाही असं समजून मी पुन्हा सांगायचो.

एका रात्री पोटात छर्रे लागलेला जवान हुता. सगळं निस्तरलं, टाके घालायची वेळ आली, आन पोट बंद करायच्या आधी हत्यारं मोजायची असतात तर एक आर्टरी फोर्सेप, रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, कमी. पुन्हा मोजली. कमीच. एक्सरे हुता पण जनरेटर एवढाच की दिवा लावा नाहीतर एक्सरे. सर्जनसाहेबांच्या कपाळावर त्या थंडीत घाम, हात पुन्हा पोटात घालून आतडं बोटाबोटानं चाचपलालते. तेवढ्यात भूलवाले साहेब वरडले, "जल्दी करो, प्रेशर गिर रहा है." थेट त्यांच्यावर, मला मधी न घेता. आन हे पण थेटच वरडले, "दो मिनट और दो." मी जमिनीवर टॉर्च घेऊन बॅटऱ्या, बादल्या, रक्ताची गॉजपिसं चाळलालतो, बाहेर लांब बोफोर्स चालू, तंबूचं कापड दर बाराला फडफडायचं.

आन तंबूचा पडदा बाजूला करून लंगर कमांडर उभा. हातात ताट. ताटात आमचा फोर्सेप. "साब, आपका चिमटा दाल में मिला." कुकरच्या जाळीखाली अडकून राहिला हुता.

कुणी हसलं नाही त्या घडीला. साहेबांनी नुसतं "थँक्यू" म्हणलं आन टाके घातले. जवानाला पहाटे हेलिकॉप्टरनं श्रीनगरला धाडला. तो गेल्यावर मग सर्जनसाहेब तंबूच्या मागं जाऊन जे हसले, जे हसले, खाली बसूनच. त्या दिवशी डाळ कुणी टाकली नाही, हे पण सांगतो.

सेवानिवृत्त सिस्टर, सध्या होटगी रोड

दादांचं वाचून डोळ्यात पाणी आलं, कारण आम्ही दुसऱ्या टोकाला होतो. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये, त्याच काळात मागच्या एका हॉस्पिटलला. समोरून पाठवलेले पेशंट आमच्याकडे यायचे, अंगावर चिठ्ठी बांधलेली, टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधतात ती पट्टी, कधी लावली त्याची वेळ लिहिलेली. ती वेळ वाचणं हे आमचं पहिलं काम, कारण फार वेळ आवळून राहिलं तर हातपाय जातो.

तणाव कशावरून व्हायचा तर प्रायॉरिटीवरून. एक, दोन, तीन असे नंबर लागतात आणि जो जास्त ओरडतो तो बहुतेक वेळा एक नंबर नसतो, गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं असतं. हे नवीन डॉक्टरांना पुस्तकात माहीत असतं पण ओरडणारा समोर असला की पाय हलत नाहीत. एका तरुण कॅप्टनशी माझं चांगलंच वाजलं, तो म्हणे माझा पेशंट आधी आत घ्या, मी म्हटलं तुमचा-माझा नसतो, नंबर असतो. आमच्या मेट्रननी दोघांनाही बाजूला घेऊन एकेक बिस्किट दिलं आणि खाऊन होईपर्यंत बोलायचं नाही अशी ऑर्डर काढली. भरल्या वॉर्डात दोन ऑफिसर उभ्याउभ्या बिस्किट चावतायत आणि पलंगावरचे जवान तोंडावर चादर ओढून हसतायत. पण भांडण तिथंच मिटलं.

ग्लोव्हजवरून मी फार कडक होते, वॉर्डबॉय मला मागून काय म्हणायचे ते मला माहीत होतं. कोटणीस ज्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे पहिले डायरेक्टर झाले ते ज्यांच्या नावानं आहे ते कॅनडाचे सर्जन डॉ. बेथून, त्यांच्या ऑपरेशन करताना हातात ग्लोव्हज नव्हते, बोट कापलं आणि नोव्हेंबर १९३९ ला रक्तात विष भिनून गेले. सोलापूरच्या पोरीनं हे विसरायचं नसतं असं मी ट्रेनी मुलींना सांगायचे आणि अजूनही सांगेन.

पाच्छा पेठ

माझ्या वडिलांचं लिहितो, ते आता नाहीत. १९७१ ला ते पूर्वेकडच्या आघाडीवर फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये होते. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि शेजारी सगळे दखनी बोलणारे विणकर, त्यामुळं वडिलांचं हिंदी म्हणजे आपलं सोलापुरी.

शरणागती झाल्यावर कैदी जखमी पण यायला लागले. नियम असा की जखम बघायची, वर्दी नाही, जिनिव्हा करारात तसंच आहे. एक पंजाबी कैदी ड्रेसिंग करू देईना, पाय आखडून धरलेला, घाबरलेला. वडील त्याला म्हणाले, "हौ रे, डरू नक्को, कायकू रोता बे, अब्बी हो जाता." तो थांबला, वडिलांकडं बघत राहिला आणि हसायला लागला, त्यानं असली उर्दू जन्मात ऐकली नव्हती. पाय सैल सोडला त्यानं.

पण पलीकडच्या स्ट्रेचरवर आपला एक जवान होता, त्याचा जोडीदार दोन दिवस आधी गेलेला. तो ओरडला की त्याला हसवताय काय, माझं ड्रेसिंग नको मला तुमच्याकडून. वडील सांगायचे की मी काहीच बोललो नाही, तो चूक नव्हता. मग डॉक्टर साहेबांनी त्याचं ड्रेसिंग स्वतः केलं, कैद्याचं वडिलांनी पूर्ण केलं, आणि रात्री त्या जवानानं वडिलांना बोलावून विडी मागितली. वॉर्डात विडी चालत नाही. वडिलांनी दिली.

भूलतज्ज्ञ, बार्शी

मोहोळच्या दादांनी आमच्या जमातीची बाजू मांडली नाही म्हणून लिहितो :) मीही काही वर्षं फौजेत शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर होतो. पुढच्या तंबूत केटामिन या भुलीच्या औषधावर भर असतो कारण माणूस स्वतः श्वास घेत राहतो, प्रेशर एकदम कोसळत नाही, मोठी मशीन लागत नाही. एकच त्रास, उतरताना पेशंट काय काय बडबडतो. माणदेशातला एक जवान, मांडीतून गोळी काढलेली, शुद्धीवर येताना एकदम कडक आवाजात, "म्हशीला पेंड घातली का? आं? का न्हाई घातली?" मराठी कळणारा मी एकटा. सर्जन तमिळ, सिस्टर मल्याळी, सगळे घाबरून, क्या बोल रहा है, ऑर्डर दे रहा है क्या. मी म्हटलं, घातली, पोटभर घातली, धार पण काढली. मग झोपला. सकाळी त्याला सांगितलं तर लाजून चूर झाला. नंतर कुणाचाही ताबा सुटायला लागला की आमच्या तंबूत तो तमिळ सर्जन मोडक्या मराठीत म्हणायचा, "पेंड घातली का?" आणि समोरचा शांत व्हायचा. पुस्तकात नसलेलं औषध आहे हे, मी खात्रीनं सांगतो.

फौजी डॉक्टरची बायको, जुळे सोलापूर

मला पत्रं यायची, केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात फक्त गमती. उंदरानं कुणाचा मोजा नेला, ऑर्डर्लीनं शेंगाचटणी लाडू समजून चहात बुडवली. मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघी हसायचो. एकदा सासूबाई म्हणाल्या, अक्षर बघ गं, ओळ खाली उतरलीय, झोपला नाहीये तो. त्यानंतर मी आधी अक्षर बघायचे मग मजकूर. ह्यांनी बाकीचं कधी सांगितलंच नाही, निवृत्त झाल्यावर एकदा फक्त म्हणाले की तिथं सगळ्यात जास्त भांडणं झोपेवरून व्हायची, कुणाला कधी उठवायचं यावरून. अशा घरच्या लोकांनीही लिहावं, आमचंही युद्धच होतं.

मोहोळचा माजी सैनिक

बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून परत आलो. हो, दोन्ही साहेब बोलायला लागले नंतर. नुसते बोलायला नाही, रोज संध्याकाळी एका मगात चहा. कारण मात्र दोघांनीबी सांगितलं नाही. लंगर कमांडरला सर्जनसाहेबांनी जाताना तो फोर्सेप बक्षीस दिला, स्टोअरमध्ये लॉस लिहून. गेल्या दिवाळीला फोन आलता त्याचा, म्हणला त्यानंच चपाती पलटतो. बार्शीचे डॉक्टरसाहेब, आपण कुठल्या साली हुता तिकडं? एक मल्याळी सिस्टर आमच्याकडं पण आल्या हुत्या बदलून आन त्या सारखं कायतरी पेंड पेंड म्हणायच्या.