'ऑन द नोज' म्हणजे बरोब्बर की बटबटीत?

प्रश्न : एका इंग्रजी परीक्षणात 'संवाद फारच ऑन द नोज आहेत' असं वाचलं. कोशात अर्थ 'अचूक, तंतोतंत' दिलाय. मग हे कौतुक की टोमणा?

उत्तर : टोमणाच. कोशही खोटा नाही म्हणा. अमेरिकन बोलीत 'टेन ओक्लॉक ऑन द नोज' म्हणजे दहाच्या ठोक्याला. तिथल्या जुन्या रेडिओ स्टुडिओत प्रक्षेपण चालू असताना बोलायची सोय नव्हती, मग दिग्दर्शक नाकाला बोट लावून 'वेळेत चाललंय' अशी खूण करायचा. डमशराजमध्ये, म्हणजे न बोलता अभिनयाने ओळखायला लावायच्या खेळात, उत्तर बरोबर आलं की तिकडे आजही नाकाला बोट लावतात. रेसमध्ये घोड्यावर 'ऑन द नोज' पैसे लावले तर तो पहिलाच यायला हवा, दुसरा आला तरी पैसे बुडाले. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ज्याला 'विन' म्हणतात, तेच हे.

पटकथेच्या चर्चेत मात्र हा शब्द दोष दाखवतो. समजा, नवरा वारल्यावर बाई सवयीने चहाचे दोन कप काढते, थबकते आणि एक परत फडताळात ठेवते. झालं की काम! त्यावर तिने 'तुमच्याशिवाय घर खायला उठतं हो' म्हटलं, की ते ऑन द नोज. प्रेक्षकाला स्वतःहून उमगायला काही ठेवलंच नाही.

मराठीत याला मी 'बटबटीत' म्हणेन. 'बाळबोध' जवळचा आहे, पण त्यात साधेपणाबद्दल थोडी माया असते. 'ढोबळ' मुळीच नको. त्यात नेमकेपणाचा अभाव आहे, इथे तर तक्रार अति नेमकेपणाची आहे.

ऑस्ट्रेलियात आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे मासळी 'ऑन द नोज' असेल तर ती सरळ फेकून द्यायची, वास मारतेय!

त्यामुळे कुणाला शाबासकी द्यायची असेल तर ब्रिटिश वळणाचं 'स्पॉट ऑन' किंवा 'बँग ऑन' बरं. वेळेसाठी 'ऑन द डॉट' आहेच. वाचताना आजूबाजूचे शब्द बघा : वेळ किंवा आकडा असेल तर अर्थ बहुधा 'बरोब्बर', 'टू' किंवा 'अ बिट' आधी लागलं असेल तर 'बटबटीत'. तुमच्या परीक्षणातला 'फारच' हा त्यातलाच.