मदत हवी आहे : नागझिऱ्यात संशोधनाची परवानगी

नमस्कार जी मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. करतो. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात रानगव्याच्या शेणातल्या भुंग्यांवर काम करायचं आहे. विषय ऐकून घरचे हसतात, तो भाग वेगळा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वाचला. कलम २८ प्रमाणे अभयारण्यात अभ्यासासाठी जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला, हे कळलं. पण अर्ज थेट तिकडे द्यायचा की प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांमार्फत? एका कार्यालयात विचारलं तर "वरून आणा" म्हणाले, वर विचारलं तर "खालची शिफारस कुठाय?"

खरी अडचण पुढे आहे. निव्वळ मोजणी आणि फोटोवर भागणार नाही. भुंग्याची जात ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली नमुना धरावाच लागतो. मग नमुने गोळा करायची परवानगी वेगळी मागायची की त्याच अर्जात मांडायची? किती नमुने, कुठला सापळा, नंतर ते कुठे ठेवणार, हे कितपत खोलात लिहिता तुम्ही?

दुसरं म्हणजे हे भुंगे जोमात असतात पावसाळ्यात, आणि नेमकं तेव्हाच पर्यटन बंद असतं. त्या महिन्यांत संशोधकाला आत सोडतात का? सोबत वनरक्षक लागतोच ना? गाडीचा खर्च कोणाकडे?

ताडोबा, पेंच, मेळघाटात काम केलेल्यांनी सांगा राजेहो. मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना, नावं झाकून का होईना, मिळाला तर लई उपकार होतील. नाहीच जमलं तर बफरमधल्या (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावाजवळ काम करू का? पण तिथे गाई-म्हशींचंच शेण जास्त, विषयच बदलतो.