मदत हवी आहे : काळ्या मातीवरचं जुनं घर, कोपऱ्याला तिरकी भेग. घ्यावं का?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ मांजरी गावाच्या बाजूला १९८९ सालचं बैठं घर बघतोय, भाड्याने द्यायला. लोडबेअरिंग (खांब नाहीत, सगळं वजन भिंतींवर), ९ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, पाया काळ्या दगडाचा, खाली काळी माती. कोपऱ्यातल्या खोलीत खिडकीच्या वरच्या टोकापासून छताकडे तिरकी भेग गेली आहे. वरती घराची किल्ली उभी शिरते, खाली केसाएवढीच. दारही चौकटीला घासतं. एजंट म्हणतो, "गिलाव्याची भेग आहे, पुट्टी मारली की झालं." मालक बाजारभावापेक्षा २० टक्के कमी घ्यायला तयार आहेत. दोष पायाचा आहे हे कसं ओळखायचं, आणि किंमत काय धरायची?

ओळंबा
पुट्टीने हे जाणार नाही. गिलाव्याच्या भेगा बारीक, जाळीसारख्या असतात. स्लॅबखाली आडवी सरळ भेग असेल तर ती बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची. तुमची तिरकी आहे आणि वर रुंद होत गेली आहे, म्हणजे तो कोपरा खाली बसतोय.

खरा प्रश्न आहे तो भेग जुनी होऊन थांबली आहे की अजून चालू आहे, हा. टॉर्च घेऊन आत बघा. आत जुना रंग उतरलेला, धूळ, कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनी. कडा धारदार आणि वीट आतून लालभडक असेल तर ताजी. दाराची खालची कड रंधा मारलेली दिसते का, तेही बघा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना गिलावा काढून विटेत एकेक खिळा ठोका आणि दर पंधरवड्याला व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापाच्या पट्टीने) अंतर मोजा. काचपट्टी चिकटवतात, पण ती फक्त तुटली एवढंच सांगते, किती सरकलं ते सांगत नाही.

मे महिन्यात भेग वाढते आणि ऑगस्टमध्ये मिटते, तर माती ऋतूप्रमाणे आकसते-फुगते आहे. पावसात वाढते, तर पाणी मुरून खालची माती मऊ पडते आहे किंवा भराव खचतो आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मुरूम_ब्रास
वरच्याशी सहमत. त्याच्या जोडीला खड्डा घ्याच. बाहेरून कोपऱ्याजवळ ३ × ३ फुटांचा एकच खड्डा, पायाच्या तळापर्यंत. भिंतीलगत लांब चर खणू नका, पाया उघडा पडतो. पावसाळ्यात तर नकोच. पाया किती खोल गेला आहे, तो मुरुमावर टेकला आहे की काळ्या मातीतच थांबला आहे, एवढं कळलं की अर्धं उत्तर मिळालं.

खालच्या मातीचा नमुना प्रयोगशाळेत 'फ्री स्वेल'साठी द्या. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका मोजनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे २४ तासांनंतरचा फरक, रॉकेलमधल्या मातीच्या टक्केवारीत, हाच तिचा फुगवटा. ५० टक्क्यांच्या आत असेल तर दिलासा, १०० च्या वर असेल तर नुसत्या वरवरच्या कामावर विसंबू नका.

त्या कोपऱ्यात पाण्याचं काय आहे?

मुळाकाठ
आज परत जाऊन आलो. गच्चीचा पन्हाळी पाइप तिथेच मोकळा सुटतो, ड्रेनेजचं चेंबर ४ फुटांवर आहे आणि त्याच्या तळाला चीर आहे. भेगेच्या कडा ताज्या वाटल्या.

ओळंबा
मग आधी पाणी थांबवा. पाइप घरापासून लांब न्या, चेंबर दुरुस्त करा. त्यानंतर जोत्याभोवती ३ फूट रुंद आणि अडीच फूट खोल काळी माती टप्प्याटप्प्याने काढून मुरूम भरा, ६-६ इंचांचे थर पाणी मारून ठोकत. वाळू अजिबात भरू नका, तिच्यात पाणी साठतं आणि पायाखाली जातं. वर काँक्रीटचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार.

मुरूम_ब्रास
हिशोब : ४० फूट लांबीला ४० × ३ × २.५ = ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून ४ मागवा.

एवढं करून पूर्ण वर्षभर खिळ्यांमधलं अंतर हललं नाही तरच भिंत शिवायची. भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जातील अशा स्टेनलेस स्टीलच्या सळ्या, विटांच्या सांध्यांत, दर ५-६ थरांना एक. हललंच, तर पाया मुरुमापर्यंत खाली न्यावा लागेल. ते काम ३-४ फुटांच्या तुकड्यांतच करतात, लगतचे दोन तुकडे एका वेळी कधीच उघडत नाहीत. नवीन काँक्रीट आणि जुना पाया यांच्यात ३ इंच फट ठेवून ती नंतर घट्ट कोरड्या मसाल्याने ठासतात. ही ठासणी चुकली की कोपरा पुन्हा बसतो आणि पैसे पाण्यात जातात. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगशिवाय ठेकेदाराला हात लावू देऊ नका.

दस्तनोंदणी
किमतीचं बोलतो. २० टक्के सूट ऐकून हुरळून जाऊ नका. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं. करारातली रक्कम त्या मूल्यापेक्षा कमी असेल आणि फरक ५० हजारांच्या आणि करारातल्या रकमेच्या १० टक्क्यांच्याही वर गेला, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून कर बसतो. म्हणून इंजिनिअरचा लेखी अहवाल फोटोंसह जपून ठेवा, मूल्यांकनावर हरकत घ्यायची वेळ आली तर तोच आधार.

भाव करताना पाया खाली न्यावाच लागेल असं धरून दुरुस्तीचा अंदाज घ्या, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम वर ठेवा आणि घर वर्षभर रिकामं राहील त्या भाड्याची भर घाला. ही बेरीज सुटीपेक्षा जास्त निघाली तर भाव अजून खाली आणा. कर्ज काढणार असाल तर बँकेच्या व्हॅल्युअरला भेग आधीच दाखवा. शेवटच्या आठवड्यात कर्ज अडलं तर विसार अडकतो.

घर ३० वर्षांच्या पुढचं आहे, तेव्हा महापालिकेच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र लागतं, तेही मालकांकडे मागा.

मुळाकाठ
आणि मालक खड्डा घेऊ देत नसतील तर?

दस्तनोंदणी
विसार पावतीतच लिहून घ्या : खड्डा आणि माती तपासणी खरेदीदाराच्या खर्चाने, अहवाल प्रतिकूल आला तर विसार १५ दिवसांत परत. यावर सही करायला तयार नसतील तर टोकनचा एक रुपयाही देऊ नका.